यादी तिसऱ्या नावाशी का थांबते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारच्या आपल्या अंकात क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळींची बातमी होती. दक्षिणेत झालेल्या मोटारसायकल रोड रेसिंगच्या एका फेरीचा निकाल. पहिला, दुसरा, तिसरा, बातमी संपली. आमच्या गल्लीत एक जॉबर राहतात, यंत्रमागांची दुरुस्ती करतात. त्यांच्या घरी त्या सकाळी आपल्या पेपरच्या पाच प्रती आणल्या होत्या, कारण त्यांचा धाकटा मुलगा त्याच शर्यतीत १६५ सीसी गटात धावला आणि नववा आला. त्याच्या आईनं पान दोनदा वाचलं आणि पेपर घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, तुम्ही बघा बरं, माझ्या नजरेतनं सुटलं असंल." सुटलं नव्हतं. नाव नव्हतंच.

म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं. काटछाट करावी लागली तरी आकडे तेवढे काढू नयेत, माझं सगळं म्हणणं त्या आकड्यांवरच उभं आहे.

मी ३१ वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. मोटारसायकलच्या शर्यतींशी माझा संबंध आला तो यजमानांमुळे. इचलकरंजीत त्यांचं सिलिंडर बोअरिंगचं दुकान होतं. दिवसा लोकांच्या राजदूत, येझदी, आरएक्स यांची इंजिनं खोलायची आणि रात्री स्वतःच्या आरएक्स हंड्रेडचे पोर्ट, म्हणजे इंजिनातल्या हवा-धुराच्या वाटा, घासत बसायचं, असा त्यांचा क्रम. सायलेन्सरसुद्धा पत्रा कापून, वळवून, स्वतः वेल्डिंग केलेला. पेट्रोलमध्ये ते रेसिंगचं एरंडेलयुक्त ऑइल कालवायचे. तो वास घरातल्या चादरींनाही लागलेला असायचा. आज कुठे तसा वास आला की माझे पाय थबकतात.

१९८९ साली दक्षिणेतल्या एका शर्यतीत हे उतरले. बाईक टेम्पोत बांधून आम्ही गेलो, मी आठ दिवस टिकतील अशा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती. आठ राऊंडची शर्यत. चौथ्या राऊंडला यांच्या क्लचची वायर तुटली. आमच्यासमोरून गेले तेव्हा लिव्हर नुसता लोंबत होता आणि डावा हात ग्रिपवर घट्ट होता. मला वाटलं, आता आत येतील. आले नाहीत. बिनक्लचचे गिअर टाकत, थ्रॉटल सोडायचा आणि पाय दाबायचा तो नेमका क्षण साधत, उरलेले चार राऊंड त्यांनी काढले. २२ जण सुटले होते, १७ पोहोचले. हे चौदावे.

संध्याकाळी मांडव, टेबल, त्यावर तीन कप. फलकावर सहा नावं चिकटवलेली. चौदाव्याला कोणी काही देईल अशी आमची अपेक्षा नव्हती. पण यांना स्वतःची वेळ तरी कळायला हवी होती. त्यासाठी हे अर्धा तास या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. "पहिल्या सहांच्याच वेळा लावल्यात," एवढंच उत्तर. शेवटी वेळ टिपणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वहीतला कार्बनखालचा कागद फाडून यांच्या हातावर ठेवला. त्यावर निळ्या फिकट आकड्यांत सगळ्यांच्या वेळा होत्या. विजेता १४ मिनिटं २० सेकंद. हे १५ मिनिटं ३१ सेकंद. तो कागद यांनी बेअरिंगच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि तो डबा तीस वर्षं दुकानातल्या फळीवर होता. २०१९ मध्ये हे गेले. दुकान आवरताना डबा मला सापडला.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे खरं तर त्याच गोष्टीचा पुढचा भाग.

माझी मुलगी लिव्हरपूलला असते. २०२३ च्या जूनमध्ये तिनं मला तिथून बोटीनं आइल ऑफ मॅनला नेलं. पावणेतीन तासांचा प्रवास. "आई, बाबांना जायचं होतं ना," एवढंच म्हणाली. त्या बेटावर १९०७ पासून टूरिस्ट ट्रॉफी, म्हणजे टीटी, ही मोटारसायकलची शर्यत भरते. वेगळा ट्रॅक नाही. गावांतून, पुलांवरून, डोंगरावरून जाणारा नेहमीचा रस्ता बंद करतात आणि त्यावर शर्यत. एक फेरी ३७.७३ मैलांची, म्हणजे साठ किलोमीटरच्या वर. सीनियर गटात अशा सहा फेऱ्या. कोल्हापूरहून निघून जवळजवळ मुंबई गाठायची एवढं अंतर, ते पावणेदोन तासांत. सगळे एकदम सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं एकेक जण सुटतो. त्यामुळे रस्त्यावर पुढे कोण दिसतं याला अर्थ नसतो. प्रत्येकाची झुंज घड्याळाशी.

टीटीच्या दिवसांत बेटावरचे लोक घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो ते सत्तरीचे गृहस्थ, पेशानं प्लंबर. बैठकीच्या खोलीत, घड्याळाच्या बाजूला, वीतभर उंचीची एक मूर्ती होती. पंख असलेलं चाक आणि त्या चाकावर एका पायावर उभा असलेला देव. रोमन लोक त्याला मर्क्युरी म्हणायचे, हे मुलीनं सांगितलं. एका पंखाचं टोक वाकलेलं होतं. नातवाच्या हातून पडली होती म्हणे. खाली पट्टीवर त्यांचं नाव आणि वर्ष. मी विचारलं, "तुम्ही जिंकला होता?" ते म्हणाले, "नाही, सत्ताविसावा आलो होतो."

मला वाटलं, मुलीनं भाषांतर चुकीचं केलं. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि कालच्या वर्तमानपत्राच्या कडेला मला हिशेब करून दाखवला. विजेत्याला जो मोठा करंडक मिळतो त्याचीच ही छोटी प्रतिकृती. तिथे तिला रेप्लिका म्हणतात. विजेत्याला लागलेल्या वेळेच्या १०५ टक्क्यांच्या आत जो पोहोचतो त्याला सिल्व्हर रेप्लिका, ११० टक्क्यांच्या आत पोहोचणाऱ्याला ब्राँझ. नंबर कितवा हा प्रश्नच नाही. विजेत्यानं एक तास ४५ मिनिटं घेतली असतील, तर एक तास ५० मिनिटं १५ सेकंदांपर्यंतचे सगळे सिल्व्हरचे मानकरी आणि एक तास ५५ मिनिटं ३० सेकंदांपर्यंतचे ब्राँझचे. एखाद्या वर्षी पाच जण असतील, एखाद्या वर्षी तीस.

संपादक महोदय, शेकडेवारी शिकवण्यात माझा जन्म गेला. नफा-तोटा, सरळव्याज, पास-नापास, सगळीकडे ती मी फळ्यावर मांडली. तिचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता. नंबर सांगतो की तुमच्या पुढे किती माणसं होती. शेकडेवारी सांगते की तुम्ही स्वतः किती जवळ पोहोचलात. मैदानात दहा जण कसलेले असतील तर अकरावा माणूसही चांगलाच असतो, पण नंबराला ते सांगता येत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. यांच्या कागदावरचे आकडे मला पाठ होते. १४ मिनिटं २० सेकंद म्हणजे ८६० सेकंद. १५ मिनिटं ३१ सेकंद म्हणजे ९३१. भागाकार केला: १०८.२६ टक्के. ११० च्या आत. तुटलेल्या क्लचसकट. मी तो भागाकार तीनदा केला. यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. हा नियम इथे असता तर त्या बेअरिंगच्या डब्याऐवजी आमच्या घरातही घड्याळाशेजारी काहीतरी उभं राहिलं असतं, आणि आपण चांगलं चालवलं की वाईट हे यांना कोणा तिऱ्हाइताकडून कळलं असतं. मी पुष्कळदा सांगितलं होतं. पण मी बायको. माझ्या सांगण्याला हे नुसते हसायचे.

शनिवारी सीनियर शर्यत होती. आम्ही गव्हर्नर्स ब्रिजपाशी उभ्या राहिलो. शेवटच्या सरळ रस्त्याला लागण्यापूर्वीचं ते वळण इतकं अरुंद आहे की एरवी तीनशेच्या घरात पळणारी गाडी तिथे पहिल्या गिअरवर येते आणि हेल्मेटच्या काचेतून स्वाराचे डोळे दिसतात. पीटर हिकमन जिंकला. तो शेवटच्या फेरीत गेला तेव्हा लोक हातातल्या कार्यक्रमपत्रिका उंच करून हलवत होते. मला वाटलं, झालं, आता माणसं पांगतील. रस्ता बंद असल्यानं फार लांब जाता येत नाही हे खरं, पण कोणी पाठही फिरवली नाही. मागून एकेक जण येत राहिला. पुढच्या स्वारांचे चामड्याचे कपडे नवे करकरीत, मागच्यांचे कोपरावर घासलेले. एकाच्या गाडीच्या फेअरिंगला, म्हणजे पुढच्या आवरणाला, चिकटपट्टी लावलेली होती आणि तिचं एक टोक सुटून वाऱ्यानं फडफडत होतं. त्याच्यासाठीही कार्यक्रमपत्रिका हलल्या. वळणावर उभे असलेले मार्शल, सगळे स्वयंसेवक, एकमेकांना त्याचा नंबर सांगत होते. माझ्या शेजारच्या बाईंच्या हातात वही होती. तिच्यात त्यांनी प्रत्येकाची वेळ लिहिली आणि त्या चिकटपट्टीवाल्याकडे बोट दाखवून मुलीला म्हणाल्या, "ब्राँझला चार सेकंद शिल्लक आहेत त्याच्याकडे." ती सगळी गर्दी त्या चार सेकंदांसाठी श्वास रोखून उभी होती. हिकमन केव्हाच घरी पोहोचला होता.

हे लोक हळू चालवतात असं मात्र कोणी समजू नये. विजेत्याचा सरासरी वेग ताशी १३० मैल धरला, तर ब्राँझच्या काठावरच्या माणसाचा ११८ मैल येतो. म्हणजे ताशी १९० किलोमीटर, दगडी कुंपणांच्या आणि घरांच्या भिंतींच्या मधून. त्या रस्त्यावर ताशी १०० मैलांची पहिली फेरी बॉब मॅकिंटायर यांनी १९५७ मध्ये केली तेव्हा जगभर बातमी झाली होती. आज त्याहून कितीतरी वेगात जाणारा माणूस यादीत खाली असतो.

आणि पोहोचणं म्हणजे काय, तेही तिथे कळतं. आम्ही गेलो त्याच आठवड्यात, ६ जूनला, राउल तोरास मार्तिनेझ हा स्पॅनिश स्वार शर्यतीत प्राणाला मुकला. त्या रस्त्यानं आजवर अडीचशेहून अधिक जीव घेतले आहेत. अशा शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर माझं मत विचाराल तर मी अजून ठरवू शकलेले नाही. पण ज्या खेळात माणूस इतकं पणाला लावतो, तिथे शर्यत पुरी करून परत आलेल्याचं नावसुद्धा न घेणं मला सहन होत नाही.

हे नुसतं भावनेचं बोलणं आहे असं आपल्या क्रीडा विभागाला वाटू शकेल. म्हणून होंडाचं उदाहरण देते. १९५९ साली ही जपानी कंपनी पहिल्यांदा टीटीत उतरली, १२५ सीसी गटात. शर्यत जिंकली तार्क्विनिओ प्रोविनी यांनी, एमव्ही ऑगस्टावर. होंडाचे नाओमी तानिगुची सहावे आले, गिइची सुझुकी सातवे, तेइसुके तानाका आठवे आणि जुन्झो सुझुकी अकरावे. आपल्या पद्धतीनं बातमी छापली असती तर होंडा हे नावच तिच्यात आलं नसतं. पण टीटीत उत्पादकांच्या संघासाठी वेगळं पारितोषिक होतं, आणि संघातल्या गाड्या नीट पोहोचवल्याबद्दल ते होंडाला मिळालं. जपानहून इतक्या लांब गेलेली माणसं हात हलवत परतली नाहीत. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, माइक हेलवूड यांनी होंडावर १२५ आणि २५० अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. आज महाराष्ट्रातलं एखादं खेडं दाखवा जिथे होंडाचं इंजिन नाही. सहाव्या-सातव्या-अकराव्या नंबराची दखल घेतली म्हणून हे सगळं घडलं असं मी म्हणणार नाही, गणितात असं सिद्ध होत नाही. पण त्या दिवशी जो पुढे जाणार होता तो सहावा होता, एवढं तर उघड आहे.

दुसरं नाव बेरिल स्वेन. १९६२ मध्ये ५० सीसीच्या शर्यतीत त्या एकट्या बाई. टीटीत सोलो, म्हणजे साइडकार नसलेल्या, मोटारसायकलवर उतरलेल्या पहिल्याच. शर्यत सुझुकीवर अर्न्स्ट डेग्नर यांनी जिंकली. बेरिल बाविसाव्या आल्या. त्यानंतर अशा शर्यती बायकांसाठी फार धोक्याच्या म्हणून त्यांचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला गेला, आणि टीटीत पुन्हा एखादी बाई सोलोवर दिसायला १९७८ उजाडावं लागलं. २०१० मध्ये जेनी टिनमथ यांनी त्याच रस्त्यावर ताशी १२० मैलांच्या अगदी जवळ जाणारी फेरी केली. मधला सगळा इतिहास त्या बाविसाव्या नावापासून सुरू होतो. निकालपत्रकात पहिली तीनच नावं जपून ठेवली असती तर बेरिल स्वेन शर्यत पुरी करून आल्या होत्या याचा पुरावा कुठून आणला असता?

मोटारसायकलच्या जागतिक अजिंक्यपदातही गुण मिळवणाऱ्यांची यादी वाढत गेली आहे. १९४९ मध्ये पहिल्या पाचांना गुण होते, पुढच्या वर्षी सहा जणांना, १९६९ पासून दहा जणांना, १९८८ पासून, १९९२ चं एक वर्ष सोडलं तर, पंधरा जणांना. २०२३ च्या सप्टेंबरात या अजिंक्यपदाची एक शर्यत, मोटोजीपी, दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर झाली. उकाड्यामुळे २४ ऐवजी २१ राऊंडच घेतले होते. इथल्या पेपरांत बेझेकी, मार्टिन, क्वार्तारारो ही तीन नावं आली. त्या भट्टीत शर्यत पुरी करून गुण मिळवणारे बाकीचे बारा जण मला इंटरनेटवर शोधावे लागले.

एका परिचितांना मी हे सगळं सांगितलं. ते स्वतः क्रीडाशिक्षक होते. म्हणाले, "बाई, सगळ्यांनाच बक्षीस वाटलं तर पहिल्याची किंमत काय राहिली?" अहो, सगळ्यांना कुठे? ११० टक्क्यांची रेघ पाळायची तर घाम निघतो. एक सेकंद जास्त झाला तर काही नाही. आणि पहिल्याचं काय कमी होतं? मोठा करंडक त्याचाच, बाकीच्यांची रेप्लिका त्याच्याच वेळेवरून मोजलेली. त्यानं आणखी जोरात चालवली की मागच्या सगळ्यांची रेघ पुढे सरकते. दहावीचं बोर्ड गुणपत्रिका फक्त पहिल्या तिघांना देत नाही. काठावर पास झालेल्या मुलाच्या हातातही तसाच कागद येतो, त्यावर त्याचं नाव असतं, आणि त्या कागदाच्या जोरावर तो आयटीआयला जातो.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. चार सेकंद वाचवण्यासाठी मागचा माणूस नको तो धोका पत्करेल, हा. माझ्याकडे त्याचं पुरं उत्तर नाही. म्हणून मला वाटतं की रेप्लिका ११० टक्क्यांच्या आतल्यांना असावी, पण शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला त्याची वेळ छापलेलं प्रमाणपत्र मिळावं. म्हणजे घाई न करता पोहोचलेल्यालाही काहीतरी हातात असेल.

आपल्याकडे ही कल्पना परकी राहिलेली नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला आमच्या भागातले शेकडो लोक धावतात. घाट चढून-उतरून वेळेत आले की गळ्यात पदक पडतं, आणि ते पदक घातलेला फोटो वर्षभर मोबाइलवर असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यतीला महाराष्ट्रातून किती तरी धावपटू जातात. तिथे वेळेनुसार वेगवेगळी पदकं आहेत आणि बारा तासांच्या आत येणाऱ्या शेवटच्या माणसासाठीही एक आहे. पायानं धावणाऱ्याला जे मिळतं ते गाडीवर बसून पडण्या-मोडण्याची तयारी ठेवणाऱ्याला का मिळू नये?

यात कबुली द्यायला हवी अशी माझीही एक गोष्ट आहे. शाळेच्या वार्षिक खेळांची प्रमाणपत्रं माझं अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडे लिहायला यायची. ३१ वर्षं मी प्रत्येक शर्यतीची तीनच लिहिली. चौथ्या मुलीचं नाव कधी विचारलंसुद्धा नाही. घरात यांचा तो कागद डब्यात होता, तरीही.

आता आमच्या गल्लीतल्या मुलाविषयी. बाईक त्याची स्वतःची नाही, दुसऱ्याकडून भाड्यानं घेतलेली आहे. टायर, प्रवेश फी, टेम्पोचं भाडं, सगळं वडिलांच्या ओव्हरटाइमवर आणि मामानं काढलेल्या सोसायटीच्या कर्जावर. गावात दोन पेट्रोल पंपवाले आणि एक सूत व्यापारी त्याला थोडीफार मदत करायला तयार आहेत. पण तिघांनीही एकच गोष्ट मागितली: पेपरात नाव आलेलं कात्रण. नववा आलो हे त्यानं तोंडानं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? जे पहिले तिघे आहेत त्यांच्यामागे बहुतेक वेळा आधीच कोणी तरी उभं असतं. कात्रणाची गरज असते ती नवव्याला, बाराव्याला.

यांच्या वेळी निदान एक अडचण खरी होती. हातातल्या घड्याळांवर वेळा टिपायच्या, वहीत लिहायच्या, बेरजा करायच्या. सगळ्यांची यादी वेळेत करणं कठीणच होतं. आता प्रत्येक गाडीला ट्रान्सपाँडर, म्हणजे वेळ आपोआप नोंदवण्यासाठीचं छोटं यंत्र, असतो. शेवटची गाडी रेघ ओलांडते त्या क्षणी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांच्या वेळा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत संगणकावर तयार असतात. कोणाला काही वेगळं करायचं नाही. यादी तिसऱ्या नावाशी कापायची नाही, एवढंच.

शर्यती भरवणाऱ्या आपल्या देशातल्या सर्व संस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी १०५ आणि ११० टक्क्यांचा नियम एखाद्या गटापुरता तरी, एका हंगामापुरता तरी करून पाहावा. करंडकाची छोटी प्रतिकृती ओतून देणारे कारागीर हवे असतील तर कोल्हापूरच्या फाउंड्र्या आहेत, हुपरीचे चांदी कारागीर आहेत. आणि आपल्याला विनंती अशी की निकाल छापताना सर्व नावं छापावीत, वेळेसह. बारीक टाइपात चालेल. भाजीपाल्याचे आणि सोन्या-चांदीचे दर आपण रोज बारीक टाइपात छापताच आणि आम्ही ते डोळे ताणून वाचतोच.

त्या रविवारच्या शर्यतीचा पूर्ण निकाल मी त्या मुलाकडून मागून घेतला आणि प्रत्येकाची शेकडेवारी काढली. २४ सुटले, १९ पोहोचले. विजेता ११ मिनिटं ५४ सेकंद. आमचा मुलगा १२ मिनिटं २४ सेकंद, म्हणजे १०४.२ टक्के, बेटावरच्या नियमानं सिल्व्हर. एकोणिसावा १३ मिनिटं २ सेकंद, म्हणजे १०९.५ टक्के. शेवटून पहिला आलेला तो मुलगाही ब्राँझच्या रेघेच्या तीन सेकंद आत आहे. तो कुठला, कोण, मला माहीत नाही. नावावरून तमिळ वाटतो.

१९ नावांची ती यादी माझ्या अक्षरात या पत्रासोबत जोडली आहे. नववं नाव आमच्या गावचं आहे म्हणून तेवढंच छापू नये. छापायची तर एकोणीसही छापावीत.

आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका,
इचलकरंजी